गोठ्यातला सर्रा आणि रंगाचा कारखाना

पोळा होऊन गेला, बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ पुसट झाला आणि झडी थांबून उन्हाचा चटका बसू लागला, की आमच्या जऊळक्याकडे गोठ्यात एक पाहुणी हटकून येते. ती म्हणजे गोमाशी. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचे आमचे हे गाव वाशीम जिल्ह्यात आहे. पण ही पाहुणी काही आमच्या एकट्या गावची नव्हे, तुमच्याही कोठ्यात ती येतच असेल. घरमाशीहून दांडगी, डोळे मोठे, उडताना भुणभुण करणारी. डास सुई टोचून रक्त पितो, तसे हिचे नाही. हिच्या तोंडाला जणू पातीच असतात. ती कातडी कापते आणि वर आलेले रक्त चाटते. बैलाला ते चांगलेच झोंबते. तो शेपटीचा फटकारा मारतो, कातडी थरथरवतो, पाय आपटतो. माशी उठते, पण उपाशी थोडीच जाणार! अर्धे जेवण टाकून ती शेजारच्या पानावर बसते, म्हणजे शेजारच्या बैलावर, म्हशीवर, नाहीतर दारातल्या घोड्यावर. तिच्या तोंडाला पहिल्या जनावराचे ओले रक्त तसेच असते.

वाचकहो, एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की आजचा निम्मा विषय समजला असे समजा. या ओल्या रक्ताबरोबर एक रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो. त्याचे नाव सर्रा. सडलेला, झिजलेला अशा अर्थाच्या उत्तरेकडील बोलीतल्या शब्दावरून हे नाव पडले असे सांगतात. जनावराला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. डोळ्यांच्या कडा फिक्या पडतात, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, आणि वैरण खात असतानाही जनावर वाळत जाते. घोडा, उंट, कुत्रा यांना तो बहुधा घेऊन जातो. गाईबैल आणि म्हशी पुष्कळदा वरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या रक्तात रोगाचे बीज वावरत असते.

इतिहासाच्या मास्तराने गुरांच्या रोगावर का बोलावे, असे कुणी विचारील. विचारावेच. पण या रोगाची हकीकत पाहिली म्हणजे कळते की लढाया आणि तहनामे यांच्या बाहेरही इतिहास घडत असतो. भिंगे घासणारे कारागीर, रंग उकळणारे कारखानदार आणि घोड्यांचे डॉक्टर अशा एकमेकांची ओळखदेखील नसलेल्या माणसांनी तो घडवला, आणि त्याचा शेवटचा धागा येऊन पोचला तो थेट आपल्या विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या खाटेपाशी.

सन १८८० मध्ये सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान या छावणीत (हे गाव आता पाकिस्तानात आहे) घोडी आणि उंट पटापट मरत होते. तपासासाठी ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याला तिकडे पाठवण्यात आले. हा वेल्समधला शेतकरी घरातला माणूस. त्याने आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रक्ताच्या तांबड्या पेशींमधून काहीतरी वळवळत चालले होते. पाण्यात मासोळी शिरली म्हणजे शेवाळ कसे बाजूला सरते, तशा पेशी बाजूला सरत होत्या. निरोगी जनावरांना हे रक्त टोचून त्याने रोग उत्पन्न करून दाखवला, आणि हाच जीव रोगाचे मूळ आहे असे सरकारला कळवले.

सरकारी वैद्यकाला ते पटले नाही. त्यालाही कारण होते. दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यास टिमथी लुईस या नामांकित डॉक्टराने उंदरांच्या रक्तात असलेच जीव पाहिले होते, आणि ते उंदीर ठणठणीत होते. उंदराला जे बाधत नाही ते घोड्याला कसे मारील, असा युक्तिवाद झाला. तो वरवर बिनतोड दिसतो. पण त्यात एक पायरी सुटली आहे: एकाच जातीचे जीव एका प्राण्यात निरुपद्रवी आणि दुसऱ्यात प्राणघातक असू शकतात, ही शक्यता कुणी तपासली नाही. माझे मत विचाराल तर त्यात थोडा पदाचाही भाग असावा. माणसांच्या डॉक्टरांपुढे घोड्यांच्या डॉक्टराचे म्हणणे त्या काळी कोण मनावर घेणार? इव्हान्स मात्र शंभर वर्षे जगला. १८३५ ते १९३५. आपले म्हणणे जगाने मान्य केलेले त्याने डोळ्यांनी पाहिले.

पुढचा धागा आपल्या मुलखातला आहे. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे अशाच तापाने मरू लागली, तेव्हा जॉन स्टील या पशुवैद्याने तपास केला. त्यालाही तोच जीव दिसला. पण तो त्याला मुंबईच्या दुष्काळतापातल्या स्प्रिंगसारख्या जंतूचा भाऊबंद वाटला. वर्गवारी चुकली, तरी त्याने इव्हान्सचे नाव त्या जीवाला दिले ते कायमचे चिकटले. आजही शास्त्रात त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. हाच स्टील १८८६ मध्ये मुंबईच्या नव्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला. नंतर डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जागी, सरकारने जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा काढली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावरच काम आरंभले, घोड्यांना सोमल देऊन पाहिला, आणि १८९३ मध्ये त्यांचा घोड्यांच्या सर्रावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रयोगशाळा वस्तीपासून दूर, हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिचे पाळण्यातले नाव पुण्याचे आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

गोमाशीचा गुन्हा शाबीत केला तो लिओनार्ड रॉजर्स यांनी, १९०१ मध्ये. आजारी जनावराला चावणारी माशी मध्येच उठवून लगेच निरोगी जनावरावर बसवली तर रोग जाई. तिला दिवसभर कोंडून ठेवून मग बसवली तर जात नसे. म्हणजे जंतू माशीच्या पोटात वाढत नाही, फक्त तिच्या तोंडाला लागून जातो. आफ्रिकेतल्या याच कुळातल्या जंतूंना त्सेत्से नावाची माशीच लागते, तिच्या पोटात त्यांचे अर्धे आयुष्य जाते. म्हणून ते आफ्रिकेतच अडकून पडले. सर्राच्या जंतूने हे बंधन तोडले. कोणतीही चावरी माशी त्याला चालते. मग उंटांच्या तांड्यांबरोबर आणि फौजांच्या घोड्यांबरोबर तो अर्धे जग फिरला यात नवल नाही.

आता भिंगाकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींनी हा भाग मुलांना जरूर सांगावा. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडाची वीण भिंगाखाली तपासायची ही त्या धंद्यातली रीत. आपल्याकडे जिनिंगवर बोटांनी कापूस ताणून धाग्याची लांबी पाहतात ना, त्यातलाच प्रकार. या गृहस्थाला भिंगाचा नाद लागला, आणि १६७० नंतरच्या वर्षांत त्याने तळ्याच्या पाण्यातले आणि स्वतःच्या दातांवरच्या किटणातले जीव जगाला प्रथम दाखवले. पण भिंग मोठे करत गेले की कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात आणि चित्र फिसकटते. ही खोड काढायला दीडशे वर्षे गेली. १८३० च्या सुमारास जोसेफ लिस्टर या इंग्रज दारू-व्यापाऱ्याने वेगवेगळ्या काचांची भिंगे जोडून ती बरीच काढली. (जखमा निर्जंतुक करणारा लिस्टर तो याचा मुलगा.)

पण तरीही भिंगाचे काम कारागिराच्या हातगुणावरच चाले. चांगले उतरले तर उतरले! जर्मनीत येना गावी कार्ल झाइस नावाच्या यंत्र-कारागिराला हे खटकत होते. त्याने १८६६ साली अर्न्स्ट अबे या तरुण पदार्थविज्ञान्याला कारखान्यात घेतले. अबेने १८७३ मध्ये गणिताने दाखवून दिले की प्रकाशाच्या लाटेच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके कुठलेही भिंग वेगळे दाखवू शकणार नाही. म्हणजे मर्यादा काचेची नाही, खुद्द प्रकाशाची आहे; आणि ती येते मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापाशी. सर्राचा जंतू लांबीला मिलिमीटरचा चाळिसावा भाग, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशीच्या तिपटीएवढा. तेव्हा इव्हान्सला तो दिसला यात भिंगाचा चमत्कार नव्हता. तशी यंत्रे त्या काळी पुष्कळांच्या टेबलावर होती. घोड्याचे रक्त त्यांखाली घालावे असे कुणाला वाटले, हा खरा प्रश्न.

जिवंत जंतू हालचालीमुळे दिसतो. पण काचपट्टीवर वाळलेल्या रक्तात तो ओळखायचा तर त्याला रंग चढवावा लागतो. इथे रंगाचा कारखाना आपल्या गोष्टीत शिरतो, आणि तो पुढे जाणारच नाही असा मुक्काम ठोकतो.

आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे पूर्वी आल नावाचे झुडूप लावत. त्याच्या मुळांपासून तांबडा रंग काढत आणि त्यात खारवा कापड रंगवत. वाण्याच्या चोपडीवर तांबडे कापड असे ते हेच. बिहार-बंगालमध्ये तसेच नीळ. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने लंडनमध्ये डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून जांभळा रंग बनवला, आणि या सगळ्या शेतीवर गंडांतर आले. गंमत अशी की डांबरातल्या ज्या द्रव्यापासून हे रंग होतात त्या अ‍ॅनिलीनचे नाव आपल्या ‘नील’ शब्दापासूनच निघालेले आहे; अरबांच्या तोंडून ते विलायतेला गेले. १८६९ नंतर तांबडा रंग कारखान्यात होऊ लागला तशी आलीची शेती बसली, १८९७ नंतर निळीची. आलीच्या वावरात कुळव फिरला तेव्हा शेतकऱ्याला काय वाटले असेल, याची नोंद कुठल्या अहवालात सापडायची नाही.

पण त्याच जर्मन रंगभट्ट्यांतून निघालेली मेथिलीन ब्लूसारखी द्रव्ये डॉक्टरांनी रक्तावर टाकून पाहिली. कापडाप्रमाणेच जंतूही रंग धरतात, तेही निवडून! जंतूचे केंद्र तांबूस-जांभळे होते, अंग निळसर होते. १९०४ पासून प्रसिद्ध असलेला गीम्सा रंग आजही गावोगावच्या दवाखान्यांत वापरतात.

पॉल एर्लिक या जर्मन डॉक्टराच्या डोक्यात इथून एक विचार आला. जो रंग जंतूला धरतो आणि माणसाला धरत नाही, तो जंतूला विष का होऊ नये? कियोशी शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर त्याने रंगामागून रंग उंदरांवर तपासले आणि १९०४ मध्ये एका तांबड्या रंगाने या कुळातल्या जंतूंनी बाधलेले उंदीर बरे करून दाखवले. त्याला ट्रिपॅन रेड म्हणतात. मागोमाग ट्रिपॅन ब्लू आला. तो जनावरांच्या गोचीड-तापावर चांगला चाले, पण जनावराचे मांस निळे पडे, आणि खाटीक ते हातात धरीना. औषधाची परीक्षा अशी बाजारातही होत असते.

मग बायर या रंगाच्या कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ उलट्या वाटेने निघाले. रंगाचा सांगाडा ठेवायचा, रंग तेवढा काढून टाकायचा. शेकडो द्रव्ये बनवून टाकल्यावर १९१६ च्या सुमारास बिनरंगी पांढरी भुकटी हाती आली. तिचे नाव बायर २०५. पहिले महायुद्ध चालू होते. युद्धानंतर औषध जाहीर झाले, पण कृती गुपित ठेवली. पॅरिसमध्ये एर्नेस्त फूर्नो यांनी पेटंटांची कागदपत्रे धुंडाळून आणि एकामागून एक द्रव्य बनवून पाहून १९२४ मध्ये ती शोधून काढली. हेच सुरामिन.

आता ऐंशी वर्षे ओलांडून आपल्या घरी येऊ.

माणसाला सर्रा होत नाही, असे शंभर वर्षे पुस्तकांत लिहिलेले होते. १९०२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हेराँ यांनी दाखवलेही होते की आजारी उंदराला माणसाच्या रक्ताचा पाण्यासारखा भाग टोचला तर त्याच्या अंगातले हे जंतू मरतात. आपण गुरांमध्ये वावरतो, गोमाशी आपल्यालाही चावते, पण काही होत नाही, याचे कारण तेच.

आणि २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला गुरे पाळणारा शेतकरी नागपूरच्या डॉक्टरांपुढे आला. पाच महिने त्याचा ताप येत-जात होता. असल्या तापाला आपल्याकडे पहिले नाव मलेरियाचे. रक्त काचपट्टीवर घेतले गेले, गीम्सासारख्या रंगाने रंगवले गेले, आणि भिंगाखाली मलेरियाऐवजी चपट्या मासोळीसारखे, शेपटीवाले जंतू दिसले. असे जंतू भारतात माणसाच्या रक्तात असण्याचे काही कारणच नव्हते. काचपट्टी खराब असेल, बाहेरून काही पडले असेल, असे म्हणून ती धुऊन टाकणे सोपे होते. तपासणाऱ्यांनी ती धुतली नाही. डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने जंतूची जात पक्की केली: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. गुरांचा सर्रा. २००५ मध्ये हे जगापुढे मांडले गेले. जंतू मेंदूपर्यंत पोचले नव्हते, म्हणून सुरामिन देता आले, आणि रोगी बरा झाला. रंगाच्या कारखान्यातली ती पांढरी भुकटी अशी विदर्भात कामी आली.

ताप येतो-जातो हेही समजून घ्यावे. या जंतूच्या अंगावर प्रथिनाची झूल असते. आपले रक्त ती झूल ओळखून जंतूंना मारू लागते, तोवर थोडे जंतू झूल बदलून बसतात. पुन्हा वाढतात, पुन्हा ताप. मधल्या दिवसांत रक्त पाहिले तर काही सापडत नाही. म्हणून एकदा रक्त स्वच्छ निघाले एवढ्यावर भागत नाही. अशा वेळी रक्त बारीक नळीत भरून यंत्रात गरगर फिरवतात. दुधातून मलई काढण्याचे जे फिरते यंत्र स्वीडनच्या लाव्हालने १८७८ मध्ये केले आणि जे डेअरीत तुम्ही पाहिले असेल, त्याचेच तत्त्व. जड पेशी बुडाशी जातात, आणि जंतू पांढऱ्या पेशींच्या पातळ थराजवळ गोळा होतात. तिथे भिंग धरले की थोडेसेही जंतू सापडतात.

पण त्या एकट्यालाच का? २००६ मध्ये ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी नागपूरकरांबरोबर उत्तर दिले. आपल्या रक्तात अपोएल-१ नावाचे एक प्रथिन असते. ते जंतूच्या अंगात शिरते, त्याच्या पडद्यांना भोके पाडते, आणि जंतू फुगून फुटतो. या गृहस्थाच्या रक्तात ते प्रथिन मुळीच नव्हते. आई आणि वडील दोघांकडून त्या प्रथिनाचा बिघडलेला आराखडा आला होता. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन बाहेरून घातले, तेव्हा त्याने जंतू मारले. लाव्हेराँनी पाहिलेल्या गोष्टीचे कारण असे एकशेचार वर्षांनी नीट उलगडले, तेही एका कास्तकाराच्या दुखण्यातून.

त्याच्या गावात १८०६ लोकांचे रक्त तपासण्यात आले. ४१० जणांच्या, म्हणजे शेकडा तेवीस लोकांच्या रक्तात या जंतूशी गाठ पडल्याच्या खुणा चाचणीने दाखवल्या. ज्यांच्या खुणा सर्वांत ठळक होत्या अशा साठ जणांच्या रक्तात जंतू शोधले. एकातही सापडले नाहीत. चाचणी कधी कधी फसते, हे धरूनही एवढे म्हणता येते की जंतू माणसाच्या दारापर्यंत पुष्कळदा येत असावा आणि बहुतेकदा दारातच मरत असावा.

बहुतेकदा, हा शब्द मी जाणून घातला. २०१६ मध्ये व्हिएतनाममधल्या एका बाईच्या रक्तात हाच जंतू सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तिचे प्रथिन शाबूत होते. कच्चे मांस चिरताना हाताच्या जखमेतून जंतू शिरले असावेत असा कयास आहे. तेव्हा जनावर कापणाऱ्यांनी आणि आजारी जनावराचे रक्त हाताळणाऱ्यांनी हाताची जखम झाकावी, हे बरे.

गुरांपुरते बोलायचे तर क्विनापायरामिनसारखी औषधे आहेत. तीही १९४९ मध्ये इंग्लंडातल्या एका रंग-रसायन कंपनीच्याच प्रयोगशाळेतून निघाली. पण औषध द्यायचे की नाही हे काचपट्टी सांगणार. म्हणून जनावर सुस्तावले, ताप येत-जात राहिला, तर ताप चढलेला असतानाच गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे. ते कानाच्या शिरेतून एक थेंब काढतील, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरतील आणि हवेत वाळवतील. त्या ओल्या पट्टीवर माश्या बसू देऊ नका. आणि पहिल्या दिवशी काही निघाले नाही, तर दोन-तीन दिवसांनी, पुन्हा ताप असताना, दुसरी पट्टी काढून घ्या.